परदेशी जाण्याआधी नाशिकचं घर विकताना: उतरत्या बाजारात तारीख, भाव आणि कागद

माझ्या धाकट्या भावाचा इंदिरानगरला दोन बीएचके फ्लॅट होता. २०१४-१५ मध्ये चाळीस लाखांना घेतलेला. परदेशातली नोकरी पक्की झाली तेव्हा, फेब्रुवारी २०२५ मध्ये, साठ लाख द्यायला तयार असलेलं एक कुटुंब दारात आलं. नवरा-बायको दोघं नोकरीला, बँकेचं कर्ज तत्त्वतः मंजूर. भावाची अपेक्षा पासष्टची. शेजारच्या बिल्डिंगमध्ये कोणी तरी पासष्ट सांगितले होते, त्यावरून आम्ही सगळ्यांनीच त्याला "थांब" म्हटलं. मी पण म्हटलं.

मे महिन्यात भाऊ विमानात बसला. फ्लॅट विकला गेला पुढच्या जानेवारीत, छप्पन्न लाखांना, वडिलांच्या नावाच्या कुलमुखत्यारपत्रावर, म्हणजे भावाच्या वतीने सही करायचा अधिकार देणाऱ्या कागदावर. भावात चार लाख गेले एवढाच हिशेब नव्हता. तोवर भाऊ आयकराच्या लेखी अनिवासी (एनआरआय) झाला होता. फेब्रुवारीत विकला असता तर त्याला कर शून्य बसला असता, आता दोन लाखांच्या वर बसला. शिवाय खरेदीदाराने छप्पन्न लाखांतून जवळपास आठ लाख टीडीएस, म्हणजे आगाऊ कर, म्हणून कापून सरकारजमा केले. त्यातला जास्तीचा पैसा परत मिळणार, पण रिटर्न भरल्यावर. अकरा महिन्यांचा मेंटेनन्स, घरपट्टी आणि बहात्तर वर्षांच्या वडिलांची दुय्यम निबंधक कार्यालयातली दोन अख्ख्या दिवसांची बैठक वेगळीच.

त्या वर्षभरात सगळी कागदपत्रं मी हाताळली. पुढे दोन मित्रांच्या घरांच्या वेळीही सोबत होतो. हा लेख त्यातून आला आहे. ज्याला इथेच राहायचं आहे तो पडत्या बाजारात वाट बघू शकतो. ज्याचं तिकीट निघालंय त्याच्यासाठी जाण्याची तारीखच भावाचा मोठा हिस्सा ठरवते. म्हणून सुरुवात तारखेपासून करू.

तारखेपासून उलटं मोजा

कर्ज काढून घेणारं गिऱ्हाईक असेल तर विसार (सौदा पक्का करताना द्यायची आगाऊ रक्कम) दिल्यापासून पूर्ण पैसे हातात येईपर्यंत दीड ते दोन महिने सहज जातात. तुमच्याच फ्लॅटवर कर्ज असेल तर आणखी पंधरा-वीस दिवस धरा. मंदीत गिऱ्हाईक मिळायलाच तीन-चार महिने लागतात, आणि कागदांत काही उणीव निघाली तर ती भरून काढायला महिना-दीड महिना. म्हणजे निघण्याच्या सात-आठ महिने आधी हालचाल सुरू व्हायला हवी. व्हिसा हातात पडल्यावर सुरुवात करणाऱ्याला गिऱ्हाईक बरोबर ओळखतं, आणि त्याच्या घाईचा भाव करतं.

नाशिकच्या बाजाराला स्वतःचं पंचांगही आहे. गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया आणि दसऱ्याच्या आसपास लोक टोकन देतात. पितृपक्षात आणि अधिक महिन्यात घरं बघायला येतील, पण विसार देणार नाहीत. जाण्याच्या तारखेआधीचा शेवटचा मोठा मुहूर्त कोणता ते बघा आणि घर त्याच्या दोन महिने आधी बाजारात असू द्या.

अजून एक गोष्ट कानावर येईलच: "सिंहस्थ होऊ द्या, मग भाव बघा." २०२७ च्या कुंभासाठी रस्ते, पूल, घाट यांची कामं होतात हे खरं, पण त्याचा फायदा प्रत्येक पेठेतल्या, प्रत्येक वयाच्या बिल्डिंगला मिळेल असं समजून स्वतःचं जाणं आखू नये. पाथर्डी फाट्याच्या पंधरा वर्षं जुन्या, लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्याला त्याने काय फरक पडेल, हा प्रश्न शांतपणे स्वतःला विचारा.

फाइल आधी, जाहिरात नंतर

मंदीत घेणाऱ्याला निवड भरपूर असते. तुमच्या कागदात एक गोष्ट अडली की तो वाट बघत नाही, पुढच्या फ्लॅटकडे जातो. म्हणून फाइल आधीच लावून ठेवा: नोंदणीकृत मूळ करारनामा किंवा खरेदीखत, इंडेक्स टू (नोंदलेल्या व्यवहाराचा सरकारी उतारा), आधीच्या मालकांपासूनची सगळी साखळी, बिनशेती आदेश, सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, मंजूर नकाशा, पूर्णत्वाचा दाखला, घरपट्टी-पाणीपट्टीच्या चालू वर्षापर्यंतच्या पावत्या, महावितरणचं ताजं बिल. वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट (मालकीच्या नोंदी तपासल्याचा अहवाल) स्वतःच करून घ्या. खर्च थोडा असतो, आणि पहिल्याच भेटीत तो समोर ठेवला की बोलण्याचा सूर बदलतो.

नाशिकपुरत्या दोन गोष्टी इथे नीट बघा.

पहिली गोष्ट पूर्णत्वाच्या दाखल्याची. २०१५-१६ च्या सुमारास शहरात "कपाटांचा प्रश्न" गाजला. फ्लॅटमधल्या कपाटांची जागा चटईक्षेत्रात (बांधकामाच्या मोजल्या जाणाऱ्या क्षेत्रात) मोजायची की नाही यावरून अनेक इमारतींचे दाखले रखडले आणि लोक दाखल्याविना राहायला गेले. तुमची इमारत त्या काळातली असेल तर दाखला नंतर मिळाला का, याची खातरजमा करा आणि प्रत महापालिकेच्या नगररचना विभागातून काढून आणा. बिल्डर "मिळालाय" म्हणतो तेवढ्यावर राहू नका. घेणाऱ्याची बँक दाखला मागतेच, आणि तो नसेल तर तुमचं गिऱ्हाईक फक्त रोखीने घेणाऱ्यांपुरतं उरतं. त्यांचा भाव तुम्हाला परवडत नाही.

दुसरी गोष्ट सोसायटी आणि अपार्टमेंटमधल्या फरकाची. नाशिकच्या पुष्कळ इमारती सहकारी सोसायटी नसून १९७० च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली आहेत. तिथे शेअर सर्टिफिकेट नसतं. घोषणापत्र आणि तुमच्या नावाचं डीड ऑफ अपार्टमेंट हाच मालकीचा कागद. कित्येकांकडे बिल्डरशी झालेला करारनामा असतो, पण डीड करायचं राहून गेलेलं असतं, आणि ते विकायला काढल्यावरच लक्षात येतं. बिल्डर हयात आहे, फर्म चालू आहे, तोवर ते करून घ्या. सोसायटी असेल तर हस्तांतरणाच्या शुल्काची कमाल मर्यादा पंचवीस हजार आहे. "देणगी" म्हणून त्याहून जास्त मागितले तर नियम दाखवा. सिडकोतलं घर असेल तर ते मुळात भाडेपट्ट्याने दिलेलं आहे, त्याच्या हस्तांतरणाची फाइल वेगळी चालते. तिला जादा वेळ धरा.

घर वडिलांच्या नावावर असेल, किंवा वडील गेल्यानंतर वारसनोंद राहिली असेल, तर बहीण-भावांचं हक्कसोडपत्र नोंदवून घेणं हे पहिलं काम. सगळ्यांशी गोडी आहे म्हणून ते "नंतर" वर टाकू नका. सही करायला सगळे एका गावात असतात तो काळ तुमच्या जाण्याबरोबर संपतो. नावातला फरकही बघा. करारनाम्यावर वडिलांचं नाव मध्ये, पासपोर्टवर आडनाव आधी, पॅनवर स्पेलिंग वेगळं, असं असेल तर प्रतिज्ञापत्र आत्ताच करा.

फ्लॅटवर कर्ज असेल तर बँकेकडून दोन कागद मागा: आजच्या तारखेला कर्ज बंद करायला किती पैसे लागतील याचं पत्र, आणि बँकेकडे कोणते मूळ कागद आहेत त्यांची यादी. बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जाला मुदतपूर्व फेडीचा दंड नसतो. कर्ज फिटल्यावर तीस दिवसांत मूळ कागद परत देणं रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२३ पासून बंधनकारक केलं आहे, उशीर झाला तर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई आहे. हा नियम लेखी पत्रात उल्लेखला की कागद लवकर हलतात, असा माझा अनुभव आहे.

भाव: लोक सांगतात तो आणि नोंदला जातो तो

शेजाऱ्याने सांगितलेला भाव, वेबसाइटवरचा भाव, एजंटने तुम्हाला खूश करायला सांगितलेला भाव, हे तिन्ही बाजूला ठेवा. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर जाऊन तुमच्या सर्व्हे नंबरातल्या गेल्या वर्षभराच्या इंडेक्स टू काढा. तुमच्याच बिल्डिंगमधला, समोरच्या बिल्डिंगमधला फ्लॅट खरंच किती रकमेला नोंदला गेला ते दिसतं. चार-पाच व्यवहार सापडले की चौरस फुटाचा भाव काढता येतो. मग त्यातून सध्याची मंदी वजा करा. सहा महिन्यांपूर्वीचा आकडा हा सहा महिन्यांपूर्वीचाच असतो.

उतरत्या बाजारात सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे बाजाराच्या मागे मागे उतरत जाणं. पासष्ट सांगायचं, दोन महिन्यांनी बासष्ट, मग साठ, आणि प्रत्येक वेळी बाजार आपल्या एक पायरी खाली. तोवर तोच फ्लॅट तीन एजंटांच्या फोनमध्ये सहा महिने फिरतोय आणि लोक विचारू लागतात, "यात काही भानगड आहे का?" त्यापेक्षा पहिल्या दिवशीच बाजाराच्या किंचित खालचा भाव सांगा. पहिल्या तीन आठवड्यांत येणारे लोक हेच खरे घेणारे असतात, महिनोन् महिने शोधत असलेले, भाव पाठ असलेले. त्यांना तो भाव लगेच कळतो.

आणि मनात एक आकडा आधीच लिहून ठेवा: आज विकलं नाही तर वर्षभराने हातात किती पडतील. त्यात वर्षाचा मेंटेनन्स, हप्त्यातलं व्याज, घरपट्टी, जास्तीचा कर, टीडीएसमध्ये अडकणारे पैसे हे सगळं घ्या. माझ्या धाकट्या भावाच्या बाबतीत हा हिशेब कोणी मांडला असता तर साठ लाखांना आम्ही हात जोडून हो म्हटलं असतं.

भाव खाली आणताना एक तळ मात्र कायद्याने आखलेला आहे. रेडीरेकनरप्रमाणे (सरकारने ठरवलेल्या दरांच्या तक्त्याप्रमाणे) तुमच्या फ्लॅटचं मूल्यांकन समजा साठ लाख निघतं. करारातली रक्कम आणि हे मूल्यांकन यांत दहा टक्क्यांपर्यंतचा फरक आयकर खातं मान्य करतं. पंचावन्न लाखांना विकलं तर चालतं. त्रेपन्नला विकलं तर तुम्ही साठला विकलं असं धरून भांडवली नफा काढला जातो, आणि घेणाऱ्यालाही वरचे सात लाख उत्पन्न म्हणून दाखवावे लागतात. मुद्रांक शुल्क तर दोन्हींपैकी जास्त रकमेवरच भरायचं. या उदाहरणात तळ साडेचोपन्न लाखांच्या किंचित वर येतो. रेडीरेकनर बदललाच तर वर्षातून एकदा, सहसा एप्रिलमध्ये बदलतो. बाजार मधल्या काळातही घसरू शकतो. म्हणून पडत्या काळात हा फरक हमखास आडवा येतो. दोन गोष्टी तपासा. जुन्या इमारतीला मूल्यांकनात वयाप्रमाणे घसारा मिळतो, तो धरून नेमकं मूल्यांकन काढून घ्या, नुसत्या दराला क्षेत्रफळाने गुणू नका. आणि बाजारभाव खरंच तळाच्या खाली गेला असेल तर मूल्यांकन अधिकाऱ्याकडे संदर्भ मागण्याची सोय आयकरात आहे, त्यासाठी नोंदणीकृत मूल्यांकनकाराचा अहवाल आधीच घेऊन ठेवा.

घर दाखवताना

एजंट दोन किंवा तीन, त्याहून जास्त नको. महारेराकडे (राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामकाकडे) नोंदणी असलेला असावा, दलाली सहसा एक-दोन टक्के असते, ती आणि ती कधी द्यायची हे लेखी ठरवा. "परदेशी चाललेत, अर्जंट आहे" हे वाक्य जाहिरातीत येऊ देऊ नका, एजंटलाही तशी ताकीद द्या. विचारलं तर खोटं बोलायचं नाही. "जायचं आहे, तारीख ठरली की सांगू" एवढं पुरतं.

रंगरंगोटीवर लाख-दीड लाख घालवू नका, मंदीत ते वसूल होत नाहीत. गळती मात्र काढा. भावाच्या स्वयंपाकघरात सिंकच्या वर, छताच्या कोपऱ्यात, ताटाएवढा पिवळसर डाग होता. वरच्या बाथरूमची गळती दोन वर्षांपूर्वीच बंद झाली होती, डाग तेवढा राहिला होता. येणारं प्रत्येक माणूस ओट्यापाशी उभं राहून वर बघायचं आणि मग पुढचं काही ऐकायचंच नाही. एका काकूंनी तर स्टूल मागून त्यावर चढून बोट लावून पाहिलं. प्लास्टर खरवडून, वॉटरप्रूफिंग करून, तेवढाच भाग रंगवायला साडेचार हजार रुपये लागले. ते आम्ही आठव्या महिन्यात केलं.

लोक काय विचारतात ते ठरलेलं आहे: पाणी महापालिकेचं किती वेळ येतं, उन्हाळ्यात टँकर लागतो का, पार्किंग ठरलेलं आहे का, लिफ्टला बॅकअप आहे का, दरवाजा कुठल्या दिशेला. याची खरी उत्तरं एका कागदावर लिहून दारामागे ठेवा, म्हणजे आई घर दाखवो की शेजारी, उत्तर एकच जाईल. आणि शक्यतो सामान असताना दाखवा. सगळं विकून रिकाम्या भिंती दाखवल्या की घरही लहान दिसतं आणि घाईही दिसते.

निवासी की अनिवासी: इथे सगळ्यात जास्त पैसे जातात

हा भाग सावकाश वाचा. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला आणि कलमांचे आकडे बदलले, म्हणून आकडे देत नाही. सीएशी बोलताना विषय सांगा.

२३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेलं घर दोन वर्षांहून जास्त काळ ठेवून विकलं तर निवासी माणसाला दोन पर्याय मिळतात: महागाई निर्देशांक लावून, म्हणजे खरेदीची किंमत महागाईप्रमाणे वाढवून, उरलेल्या नफ्यावर वीस टक्के, किंवा निर्देशांक न लावता साडेबारा टक्के. जो कर कमी तो भरायचा. अनिवासी माणसाला पहिला पर्यायच नाही. त्याला थेट साडेबारा टक्के.

पडत्या बाजारात हा फरक प्रचंड असतो, कारण भाव महागाईच्या मागे राहिलेले असतात. माझ्या भावाचंच उदाहरण घ्या. २०१४-१५ चा निर्देशांक २४०, २०२४-२५ चा ३६३. चाळीस लाखांची निर्देशांकित किंमत होते साडेसाठ लाख. साठला विकलं असतं तर कर शून्य. पुढच्या वर्षी अनिवासी म्हणून छप्पन्नला विकलं, तेव्हा नफा धरला गेला सोळा लाख, साडेबारा टक्क्यांनी दोन लाख, वर चार टक्के उपकर, एकूण दोन लाख आठ हजार. भाव चार लाखांनी कमी आणि कर दोन लाखांनी जास्त, दोन्ही एकाच वेळी.

आता खरा सापळा. निवासी की अनिवासी हे विक्रीच्या दिवशी तुम्ही कुठे होतात यावर ठरत नाही, अख्ख्या आर्थिक वर्षावर ठरतं. नोकरीसाठी भारत सोडणाऱ्या नागरिकाचे त्या वर्षात भारतात १८२ दिवस भरले नाहीत तर तो पूर्ण वर्षासाठी अनिवासी. एप्रिलपासून मोजलं तर १८२ दिवस सप्टेंबरच्या शेवटी भरतात. म्हणजे तुम्ही जूनमध्ये नाशिकमध्ये बसून, स्वतः सह्या करून फ्लॅट विकला आणि ऑगस्टमध्ये नोकरीसाठी गेलात, तरी त्या वर्षी तुम्ही अनिवासी. जूनची विक्रीही अनिवासीची. अनेकांना हे रिटर्न भरताना कळतं.

म्हणून दोनच सुरक्षित वाटा आहेत. खरेदीखत ३१ मार्चपूर्वी पूर्ण करून एप्रिलनंतर निघा. नाही जमलं, तर ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा उलटल्यावर निघा, आणि विक्री त्याच आर्थिक वर्षात पूर्ण करा. अगदी १८२ वर मोजून तिकीट काढू नका, आठ-दहा दिवस हाताशी ठेवा. नोकरीखेरीज इतर कारणाने, म्हणजे मुलांकडे राहायला किंवा कायम वास्तव्याच्या परवान्यावर जात असाल तर दिवसांचा नियम वेगळा आहे. तिथे आधीच्या चार वर्षांतले दिवसही मोजतात आणि साठ दिवसांतही माणूस निवासी ठरू शकतो. पती-पत्नी दोघांच्या नावावर घर असेल तर प्रत्येकाचं वेगळं बघा. एक आधी गेला आणि दुसरी मुलांच्या शाळेसाठी मार्चपर्यंत थांबली, तर एकाच फ्लॅटचे दोन अर्धे दोन नियमांत बसतात.

टीडीएसचंही तसंच. निवासी विक्रेत्याच्या पन्नास लाख आणि त्यावरच्या व्यवहारात घेणारा एक टक्का कापतो. साठ लाखांवर साठ हजार, संपलं. अनिवासी विक्रेत्याला पन्नास लाखांची सूट नाही, आणि अधिभार-उपकर धरून कपात सव्वाचौदा टक्क्यांच्या आसपास जाते. दाखला नसेल तर घेणारे ती पूर्ण रकमेवर करतात, नफ्यावर नाही. यावर इलाज आहे: विक्रीआधी आयकर खात्याकडे कमी दराने कपातीचा दाखला मागायचा. खरेदी-विक्रीचे आकडे, जुने कागद, विसाराचा करार जोडून अर्ज ऑनलाइन होतो, आणि दाखला यायला काही आठवडे लागतात. त्यामुळे विसार झाल्या दिवशीच अर्ज करा. आम्ही तो केला नाही, घेणाऱ्याला थांबायचं नव्हतं.

नफा बसत असेल आणि पैसा लगेच न्यायचा नसेल तर सहा महिन्यांत ठरावीक सरकारी कंपन्यांच्या भांडवली नफा रोख्यांत पन्नास लाखांपर्यंत गुंतवून कर वाचवता येतो, पाच वर्षं हात लावता येत नाही. नव्या घरात गुंतवायचं तर ते घर भारतातच हवं. टोरंटोतल्या घरासाठी ही सूट नाही.

विसारापासून खरेदीखतापर्यंत

टोकन घेतानाच छोटी विसार पावती करा आणि त्यात तारखा लिहा: साठेखत (खरेदीखताआधीचा विक्रीचा करार) कधी, कर्जमंजुरी कधीपर्यंत, खरेदीखत कधी, आणि मुदत चुकली तर काय. पडत्या बाजारात घेणारा मध्येच माघार घेतो किंवा "आता पन्नास हजार कमी करा" म्हणतो. विसाराची रक्कम बरी असेल तर तसं होत नाही. अकरा हजारांचं टोकन घेऊन दोन महिने घर अडकवू नका.

त्यानंतर स्थानिक दैनिकात जाहीर नोटीस, तिची मुदत संपली की साठेखत, मग त्याच्या बँकेची कायदेशीर आणि तांत्रिक तपासणी. तुमचं कर्ज असेल तर घेणाऱ्याची बँक पहिला धनादेश थेट तुमच्या बँकेच्या कर्जखात्याच्या नावे काढते, उरलेला तुमच्या नावे. खरेदीखताच्या दिवशी दोन साक्षीदार, आधार, पॅन, बोटांचे ठसे. मुद्रांक आणि नोंदणी फी घेणाऱ्याची, नोंदणी फी एक टक्का पण तीस हजारांपेक्षा जास्त नाही. खात्यात पैसे दिसल्याशिवाय निबंधकांपुढे अंगठा टेकवू नका, ओळखीचा माणूस असला तरी.

रोखीचा विषय निघेलच. "दहा रोख घ्या, बाकी चेक." घर विकताना वीस हजार किंवा जास्त रोख घेतली तर तेवढाच दंड होऊ शकतो, हा कायदा झाला. जाणाऱ्यासाठी त्याहून सरळ अडचण अशी की रोख पैसा अधिकृत मार्गाने देशाबाहेर नेता येत नाही आणि इथे ठेवून जाता येत नाही. पूर्ण रक्कम बँकेतूनच घ्या. त्यासाठी भाव लाखभर सोडावा लागला तरी सोडा.

तारीख आली आणि घर राहिलंच

तसं झालं तर कुलमुखत्यारपत्र निघण्याआधीच करून, नोंदवून ठेवा. ते आई, वडील, भाऊ, बहीण, पती-पत्नी, मुलं अशा जवळच्याच नात्यात करा. स्थावर विकण्याचा अधिकार परक्याला दिला तर महाराष्ट्रात त्यावर खरेदीखतासारखं शुल्क लागतं. मजकुरात फ्लॅटचं पूर्ण वर्णन, किमान किंमत, आणि "रक्कम फक्त माझ्या खात्यात" हे वाक्य हवं. परदेशात गेल्यावर करायचं झालं तर भारतीय वकिलातीपुढे सही करून मूळ प्रत पाठवा, आणि ती भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत इथलं मुद्रांक शुल्क भरून घ्या. वडील थकलेले असतील तर त्यांच्या ऐवजी भावा-बहिणीच्या नावे करा. निबंधक कार्यालयातली खुर्ची आणि सर्व्हर बंद पडल्यावरची वाट त्या वयात सोसत नाही. मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

भाड्याने देऊन जाणं हाही पर्याय आहे, पण अनिवासी मालकाच्या भाड्यातून भाडेकरूने तीस टक्क्यांच्या वर टीडीएस कापायचा असतो, आणि साधा भाडेकरू या कटकटीला घाबरतो. करार नोंदणीकृतच करा. दोन-तीन वर्षांत परतण्याची खरी शक्यता असेल तरच हा मार्ग मला पटतो.

पैसे नेताना

निवासी असतानाच पाठवायचे तर माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा, आणि इतर कारणांसाठी दहा लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर बँक वीस टक्के आगाऊ कर गोळा करते. तो रिटर्नमध्ये वळता होतो, पण तोवर अडकतो. गेल्यावर बचत खातं एनआरओ (अनिवासीचं रुपयांतलं खातं) करून घ्यावं लागतं, तिथून आर्थिक वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत नेता येतात आणि तो आगाऊ कर लागत नाही. कर भरल्याचं सीएचं प्रमाणपत्र आणि विक्रीचे कागद मात्र लागतात. म्हणून अगदी निकड नसेल तर विक्री निवासी असताना करा आणि पैसे गेल्यावर न्या. ही जोडी सगळ्यात स्वस्त पडते.

शेवटचा आठवडा

ताबा देताना ताबापावतीवर दोघांच्या सह्या घ्या. महावितरणच्या मीटरचं रीडिंग आणि पाण्याच्या मीटरचा फोटो तारखेसह काढा, तो घेणाऱ्यालाही पाठवा. वीजजोडणी आणि घरपट्टी नाव बदलण्याचे अर्ज त्याच्यासोबत जाऊन त्याच दिवशी द्या. नाही तर वर्षभराने थकबाकीची नोटीस तुमच्या आईच्या दारात येते. इंडेक्स टू, खरेदीखत, टीडीएसचा दाखला, कर्जमुक्तीचं पत्र, सगळं स्कॅन करून दोन ठिकाणी ठेवा आणि मूळ प्रतींची एक फाइल घरच्यांकडे द्या.

आणि नाशिकचा मोबाइल नंबर बंद करू नका. बँक, आधार, आयकर यांचे सगळे ओटीपी त्यावरच येतात. आंतरराष्ट्रीय रोमिंग इथूनच सुरू करून घ्या, एक संदेश पाठवून तपासा, आणि वर्षभराचं रिचार्ज भरूनच विमानतळाकडे निघा. भावाचा नंबर तिसऱ्या महिन्यात बंद पडला होता, आणि टीडीएसच्या परताव्यासाठी रिटर्न भरायची वेळ आली तेव्हा आयकराच्या पोर्टलवर लॉगिन करायला आम्हाला सतरा दिवस लागले.